जुन्या गाडीच्या स्टॅबिलायझर बारला पीयू बुश: किट चांगलं असतं, बार तसा असतो का?

स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडीला झुकण्यापासून रोखणाऱ्या आडव्या दांड्याचे) पीयू बुश, म्हणजे बारभोवती बसणारी पॉलियुरेथेनची कडी, हे जुन्या गाडीवरचं सगळ्यात कमी खर्चाचं सस्पेन्शनचं काम म्हणून खपतात, आणि ते खोटं नाही. मात्र किट बसवल्यावर 'गाडी बदलूनच गेली' असं जे कानावर येतं, त्यातलं बरंचसं श्रेय पीयूचं नसतं. भोक अंडाकृती झालेला, चिरा पडलेला जुना रबर निघाला आणि त्या जागी काहीतरी घट्ट बसलं, याचं ते श्रेय असतं. कंपनीचा नवा रबर बुश टाकला असता तरी त्यातला मोठा भाग मिळालाच असता. म्हणून नव्या रबराशी तुलना केली तर पीयू काय जास्त देतं आणि त्यासाठी काय काय सांभाळावं लागतं, एवढंच इथे तपासायचं आहे.

बार म्हणजे पिळली जाणारी स्प्रिंग, दोन्ही टोकं दोन बाजूंच्या सस्पेन्शनला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो बुशमध्ये नुसता फिरतो. वळणावर एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की पिळला जातो आणि गाडीच्या झुकण्याला विरोध करतो. बुशने त्याला फिरू द्यायचं, पण वर-खाली हलू द्यायचं नाही. रबर हे करताना सहसा बारला धरून ठेवतो आणि स्वतः पिळला जातो. पीयू धरत नाही; बार त्याच्या आत घसरतो. ग्रीस, चुंचुं आवाज, गंजाचा त्रास, बार बाजूला सरकणं, ही पीयूची सगळी लफडी या एकाच फरकातून येतात.

बुश बदलून बार कडक होत नाही, हेही स्पष्ट असू द्या. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिमीच्या जागी २४ मिमीचा बार टाकला तर तो सुमारे ४१ टक्के कडक होतो. बुशमुळे असं काही घडत नाही. बुश फक्त मधली ढिलाई काढून टाकतो. पण ही ढिलाई दिसते त्यापेक्षा जास्त भोवते. समजा बुशना गाडीला आवळून धरणाऱ्या दोन ब्रॅकेटमध्ये ६०० मिमी अंतर आहे आणि बारच्या दोन टोकांमध्ये ११०० मिमी. गाडी झुकताना एका ब्रॅकेटपाशी बार १ मिमी वर आणि दुसऱ्यापाशी १ मिमी खाली सरकत असेल, तर टोकाला ती हालचाल १.८ मिमीच्या पुढे जाते. तेवढं अंतर संपेपर्यंत बार कामालाच लागत नाही. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी आधी थोडी कलते आणि मग सावरते, ते यामुळे. ब्रॅकेट जितके मध्याकडे, तितका हा दोष मोठा.

नवा रबर ही ढिलाई काढतो, पण दबतो. पीयू खूपच कमी दबतो. फरक जाणवतो तो वळणाच्या सुरुवातीला, सलग दोन उलट-सुलट वळणांत आणि लेन बदलताना. लांब गोल वळणावर गाडी एकदा स्थिर कलली की दोन्हीत विशेष फरक उरत नाही. एखादं चाकच खड्ड्यात गेलं तर पीयूवर धक्का किंचित जास्त टोकदार येतो. किंचितच, कारण गाडीचं वजन या बुशवर नसतं. लोअर आर्मला (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याला) पीयू घातल्यावर जो खडखडाट सहन करावा लागतो, तो इथे नाही. सस्पेन्शनमध्ये एकाच ठिकाणी पीयू घालायचं असेल तर ते इथेच घालावं.

किट निवडताना

बुशच्या रबराचा किंवा पीयूचा कडकपणा शोअर ए या मापात सांगतात. कंपनीचे रबर बुश साधारण ५० ते ७० च्या दरम्यान असतात, बाजारातले पीयू ७० ते ९५. पॉवरफ्लेक्स या बुश बनवणाऱ्या कंपनीने याची रंगांवर विभागणी केली आहे: पिवळा ७०, जांभळा ८०, काळा ९५. रोजच्या गाडीला ८० च्या आसपासचं पुरे. ९५ चं ट्रॅकवरच्या गाडीसाठी आहे. रस्त्यावर त्यातून मिळणारा जादा फायदा शोधून सापडत नाही, आवाज मात्र शोधावा लागत नाही.

एनर्जी सस्पेन्शनचे बुश लाल आणि काळ्या रंगात येतात. पार्ट नंबरच्या शेवटी आर असेल तर लाल, जी असेल तर काळा. काळ्यात ग्राफाइट मिसळलेलं असतं. त्याने घर्षण थोडं कमी होतं, पण म्हणून ग्रीस टाळता येत नाही. सुपरप्रोच्या बुशच्या आतल्या भोकाला नक्षीसारख्या बारीक खाचा असतात आणि त्यांत ग्रीस साठून राहतं. ही गोष्ट कॅटलॉगमध्ये क्षुल्लक वाटते, पण गुळगुळीत भोकाच्या बुशमध्ये बार फिरत राहिला की ग्रीस कडेला ढकललं जातं आणि मधोमध कोरडं पडतं. ब्रँड कुठलाही असो, भोकात खाचा असलेला बुश मिळत असेल तर तोच घ्या. ब्रॅकेटला ग्रीस निपल असलेली किटं त्याहून सोयीची, मात्र निपलचं तोंड सबफ्रेमकडे (सस्पेन्शन ज्या चौकटीला जोडलेलं असतं तिच्याकडे) किंवा एक्झॉस्टकडे वळलेलं तर नाही ना, ते आधी पाहावं. गन पोचत नसेल तर निपल शोभेचं.

बिननावाच्या पीयूपासून लांब राहा. पीयूचे मुख्य दोन प्रकार, पॉलिएस्टरवर आधारलेलं आणि पॉलिइथरवर आधारलेलं. पहिलं घासायला चिवट, पण सततच्या ओलाव्यात त्याची रासायनिक साखळी तुटत जाते आणि बुश कडेने भुसभुशीत होतो. दुसरं पाण्याला टिकतं. स्वस्त किटावर यातलं काय वापरलंय ते लिहिलेलंच नसतं. नखाने दाबून दोन्ही सारखेच वाटतात.

किटातली ग्रीसची पुडी जवळजवळ नेहमीच अपुरी पडते. दोन बुशना आतून नीट थर देऊन थोडं उरावं इतकं ग्रीस लागतं. एक वेगळी ट्यूब घेऊन ठेवावी. ग्रीस सिलिकॉनवर आधारलेलं, घट्ट आणि चिकट हवं, पीटीएफई (टेफ्लॉन) असेल तर उत्तम. बेअरिंगचं साधं लिथियम ग्रीस पीयूला लगेच खात नाही, पण पाण्याने लवकर धुऊन जातं. उलट रबर बुशला खनिज तेलाचं ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे अजिबात लावायचा नाही. रबर फुगतो आणि मऊ पडतो. रबर सरकवायला साबणाचं पाणी पुरतं.

माप घेतल्याशिवाय ऑर्डर नको

किट परत पाठवायची वेळ येते ती बहुतेक वेळा चुकीच्या व्यासामुळे. एकाच मॉडेलमध्ये इंजिन, व्हेरिएंट आणि उत्पादनाचं वर्ष यांनुसार बार वेगळा असतो. पुढचा आणि मागचा तर वेगळा असतोच. वर मधल्या मालकाने दुसऱ्या गाडीचा बार टाकला असेल तर कॅटलॉग गेला उडत. जुन्या बुशवर बऱ्याचदा व्यासाचा आकडा कोरलेला असतो, तो बघा, पण त्यावर थांबू नका. बार बुशच्या जागी साफ करून व्हर्नियरने मोजा: एकदा बुश बसतो तिथे, एकदा त्याच्या शेजारी जिथे झीज नाही तिथे, आणि प्रत्येक जागी आडवं-उभं असं दोनदा. गंजाचे पापुद्रे आणि रंगाचे थर माप अर्ध्या मिलिमीटरने सहज फुगवतात, तेव्हा आधी तारेचा ब्रश.

झिजलेल्या जागी माप शेजारच्यापेक्षा अर्धा मिमी किंवा जास्त कमी आलं, किंवा आडव्या-उभ्या मापात तेवढा फरक पडला, तर त्या बारला पीयू घालू नये. रबर दबून झीज भरून काढतो. पीयू काढत नाही. नव्या किटासकट पहिल्या दिवसापासून टकटक ऐकू येते आणि शिव्या किटाला बसतात. अशा बारला एकतर नवा रबर घालावा, नाहीतर बारच बदलावा. मापाला जवळचा, पण लहान बुश घेऊन तो ठोकून बसवणं हा उपाय नव्हे.

युनिव्हर्सल किट घेत असाल तर ब्रॅकेटचीही मापं लागतात: बोल्टच्या दोन भोकांमधलं अंतर, ब्रॅकेटची आतली रुंदी आणि उंची, आणि वरची कमान गोल आहे की सपाट. उंचीत दीड-दोन मिमीची चूकही काम बिघडवायला पुरते. गाडीला नेमकं बसणारं किट मिळत असेल तर युनिव्हर्सलच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. काही गाड्यांत बुश कारखान्यातच बारला चिकटवून येतो. कंपनीच्या पार्ट लिस्टमध्ये बुश सुटा दिसत नसून फक्त पूर्ण बार दिसत असेल तर बहुधा तुमची गाडी त्यातली. तिथे बारवर चढवता यावा म्हणून एका बाजूला चीर (काप) दिलेला पीयू घालायचा तर आधी चिकटलेला रबर पूर्ण खरवडून बार चकचकीत करावा लागतो आणि त्या उघड्या धातूचा व्यास मोजावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि अर्धवट केलं तर उरलेल्या रबराच्या चकत्या पीयूला आतून खातात.

बसवताना

कामाला किती वेळ लागेल ते सगळं ब्रॅकेटच्या जागेवर अवलंबून. ब्रॅकेट सबफ्रेमच्या पुढच्या तोंडावर असेल तर साध्या सॉकेट सेटने तासा-दोन तासांत काम उरकतं. सबफ्रेमच्या वर, फायरवॉलच्या कडेला असेल तर सबफ्रेम चार-पाच सेंटिमीटर खाली घ्यावी लागते, आणि मग स्टिअरिंगचा जॉइंट, एक्झॉस्टचे हँगर, इंजिनचं खालचं माउंटिंग हे सगळं ओघाने आलं. सबफ्रेमचे बोल्ट अनेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात आणि शेवटी अलाइनमेंट तपासावी लागते. इतकी उघडझाप करायची असेल तर लिंक रॉड (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारा छोटा दांडा), बुश, हाताशी येणारं रबर सगळं एकाच फेरीत बदला. आणि तिथे दरवर्षी ग्रीस लावायला पुन्हा कोण जाणार? अशा गाडीला कंपनीचा रबर बुशच योग्य.

बोल्ट आदल्या दिवशी गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवा. आटे बाहेर दिसत असतील तर आधी ब्रशने साफ करा, कारण गंजलेले आटे नटमधून ओढले की बोल्ट तुटतो तो सबफ्रेममधल्या वेल्ड केलेल्या नटात, आणि तो काढणं हे वेगळं, दिवसभराचं काम.

गाडी सपाट जागी, मागच्या चाकांना पुढे-मागे ठोकळे, पुढून दोन्ही बाजूंना स्टँड. एकच बाजू जॅकवर उचलून हे काम करू नये: एक चाक लोंबतं आणि एक टेकलेलं असलं की बार पिळलेला असतो, बोल्ट सुटताच ब्रॅकेट उसळतो. दोन्ही चाकं लोंबती हवीत, नाहीतर दोन्ही रॅम्पवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, हे इथेही लागू.

दोन्ही बाजूंच्या लिंक रॉड एका टोकाला सोडवा. नट फिरवताना बॉल जॉइंटचा दांडा सोबत फिरतो. त्याच्या टोकाला ॲलन की किंवा टॉर्क्स लावायची जागा असते, काहींना मागे चपट्या पान्याची. लिंक सुटल्यावर तिचा बॉल हाताने हलवून पाहा. तो सैल, खुळखुळा लागला तर नव्या बुशनंतरही आवाज तसाच राहणार. खरं तर 'बुश गेलाय' म्हणून आलेल्या बऱ्याच गाड्यांत लिंकच गेलेली असते: लिंकचा आवाज कोरडा, धातूवर धातू आपटल्यासारखा आणि भराभर, बुशचा बोजड, एकेक धप्पा.

ब्रॅकेट काढण्याआधी बुशच्या चिरेचं तोंड कुठे आहे त्याचा फोटो काढून ठेवा. नवा बुश त्याच दिशेला.

आता बार. पापुद्रे काढल्यावर ४०० आणि मग ६०० नंबरचा पॉलिश पेपर पट्टीसारखा गुंडाळून बुशची जागा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर घासा, बोट फिरवल्यावर खड्डा किंवा कंगोरा लागणार नाही इतकं. ग्राइंडर वापरू नये. हा स्प्रिंगचा पोलाद आहे आणि एक खोल ओरखडाही तडा जायला पुरतो. बुशच्या जागी जाड रंग देऊ नका, तो आत गोळा होऊन घासतो. शेजारच्या भागाला रंग हवाच. गंज तिकडूनच आत शिरतो.

बुशच्या आतून सगळीकडे ग्रीसचा थर, चिरेच्या दोन्ही तोंडांनाही थोडं. बुश उघडून बारवर चढवा, ब्रॅकेट बसवा आणि बोल्ट हाताने लावा. हाताने दाबल्यावर ब्रॅकेटचे कान आणि सबफ्रेम यांत एक-दोन मिमी फट राहते, ते ठीक. तीन-चार मिमीच्या वर असेल तर बुश चुकीचा आहे; लांब बोल्ट लावून तो खाली ओढलात तर ब्रॅकेट वाकतो किंवा आटे जातात. दोन्ही बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. ते नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम८ बोल्टला २० ते २५ आणि एम१० ला ४० ते ५० न्यूटन-मीटर हा साधारण आवाका आहे.

मग सगळ्यात महत्त्वाची चाचणी, आणि गॅरेजमध्ये हटकून गाळली जाते तीही हीच. दोन्ही लिंक सुट्या असताना बारचं टोक हाताने वर उचला आणि सोडा. बार स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली यायला हवा. धाडकन पडला तर बुश सैल आहे. जिथल्या तिथे अडकून राहिला तर बुश बारला आवळतो आहे: म्हणजे प्रत्येक खड्ड्यावर तो ब्रेकसारखा घासणार, चुंचुं करणार आणि वर्षभरात फाटणार. अडकत असेल तर बुशची सपाट बाजू काचेवर ठेवलेल्या पॉलिश पेपरवर अर्धा मिमी घासा आणि पुन्हा बसवून पाहा. भोक घासून मोठं करायला जाऊ नका, गोलाई बिघडते.

रबर बुश घालत असाल तर शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर, गाडीच्या नेहमीच्या उंचीवर करायचं. लोंबत्या चाकांवर आवळला तर तो गाडी उभी असतानाही पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. पीयूला हे बंधन नाही.

बार बाजूला सरकण्याकडे मात्र लक्ष हवं. रबराची पकड बारला मध्यावर धरून होती; पीयूत ती नाही. बारवर बुशच्या कडेला कॉलर किंवा चेपून केलेला उंचवटा असेल तर काळजी नाही. नसेल तर काही दिवसांत बार सेंटिमीटरभर एकीकडे जातो, लिंक तिरक्या होतात आणि कधी बार टायरच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या होजला लागायला येतो. यासाठी दोन तुकड्यांत येणारी, ॲलन स्क्रूने आवळायची कॉलर मिळते. दोन्ही बुशच्या आतल्या बाजूला एकेक लावून टाकावी, बुशपासून एखादा मिमी सोडून. किटात ती क्वचितच असते, हा या किटांचा खरा उणेपणा.

बऱ्याच जुन्या गाड्यांना बॉल जॉइंटच्या लिंकऐवजी लांब बोल्ट आणि चार-चार बुश असतात. तिथला क्रम: बोल्टचं डोकं, वॉशर, बुश, लोअर आर्म, बुश, वॉशर, नळी, वॉशर, बुश, बार, बुश, वॉशर, नट. वॉशरची वाटीसारखी बाजू बुशकडे. रबर असेल तर तो वॉशरच्या कडेइतका फुगेपर्यंत आवळतात. पीयूला तेवढं आवळलं तर लिंक कललीच जात नाही आणि बोल्ट वाकतो. वॉशर बुशवर नीट टेकून बुश जेमतेम दबला की थांबा, नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला) आणि नवा.

फक्त पुढे किंवा फक्त मागे पीयू घातल्याने गाडीचा तोल किंचित सरकतो: मागेच घातल्यास मागची बाजू वळणात थोडी लवकर सैल होते. बुशपुरतं पाहिलं तर हा फरक लहान आहे. मागे जाडा बारही टाकणार असाल तर मात्र दोन्ही कामं वेगवेगळ्या दिवशी करा, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

शे-दीडशे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासा. ग्रीस वर्षातून एकदा; निपल असेल तर चिरेतून ताजं ग्रीस डोकावेपर्यंत दोन-तीन पंप, नसेल तर ब्रॅकेट काढून. मध्येच चुंचुं सुरू झालं तर सगळं उघडण्याआधी बुशवर पाण्याचा फवारा मारून गाडी दाबून पाहा. आवाज काही मिनिटांपुरता गेला तर ग्रीस संपलंय. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बुश सोडा आणि लिंकचे बॉल व लोअर आर्मकडे वळा.